आधी चर, मग बेड

भारी काळ्या रानात आलं, हळद, भाजीपाला करायचा तर गादीवाफा पाहिजेच, यात वाद नाही. पण नुसती उंची कामाची नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय.

दोन वर्षांपूर्वी फूटभर उंच बेडवर आलं लावलं. सऱ्यांची तोंडं मात्र बांधाला बंद. श्रावणात चार दिवस पाणी सरीत तुंबलं, बेड खालून भिजत राहिला, निम्म्या प्लॉटला कंदकूज लागली. मी बेण्याला दोष देत बसलो. चूक माझीच होती.

काळी माती पाणी पिऊन फुगते, मुळांना हवा मिळत नाही. दोन-चार ट्रॉल्या वाळूनं ती सुटी होत नाही. शेणखत, पालापाचोळाच लागतो. बेडही वाफशावरच ओढायचे, ओल्यात ओढले तर ढेकळं दगड होतात.

इक्रिसॅटनं १९७० च्या दशकात काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत विकसित केली. तिच्यातही सऱ्या हलक्या उतारानं चराला जोडलेल्या असतात. आपण वरंबा घेतला, चर विसरलो.

यंदा बांधाखालच्या भावकीशी बोलून आधी चर काढलाय. तुमच्या रानातलं पाणी कुठून निघतं? बेड ओढण्याआधी एकदा बघाच.