परदेशी पाहुणा आणि त्रेचाळीस नंबरचा बर्थ

मुलाचा जर्मनीतला सहकारी, मुलीची जपानी मैत्रीण, नाहीतर लंडनला स्थायिक झालेल्या दिरांची इंग्रज सून. हल्ली असे पाहुणे घरोघरी येतात. चार दिवस कौतुकाने पुरणपोळी खातात आणि मग एका संध्याकाळी जाहीर करतात, ''आता मी एकटीच रेल्वेने हंपीला जाऊन येते.'' घरात धावपळ सुरू होते. दशम्या, चटणी, पाण्याच्या बाटल्या, पोटदुखीच्या गोळ्या, सगळे बांधून होते. तिकिटाकडे मात्र कोणी बघत नाही. ''त्यात काय बघायचं? नंबर लिहिलाय की!''

नंबर लिहिलेला असतो हे खरे, पण तो वाचायचा कसा, हे तिकिटावर कुठेच लिहिलेले नसते. आपण ते लहानपणी आईवडिलांचा हात धरून फलाटावर पळताना शिकलो. पाहुणा ते शिकलेला नाही. शिवाय तो आपल्या देशाची सवय बरोबर घेऊन येतो. जर्मनीत तिकीट आणि जागेचे आरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी असतात. आरक्षण नसले तर रिकाम्या जागी खुशाल बसता येते. जपानच्या वेगवान गाडीत डब्याचे दार फलाटावर खूण केलेल्या जागीच येऊन थांबते. अशा माणसाला आपल्या २० हून अधिक डब्यांच्या गाडीसमोर एकटे उभे केले आणि गाडी दोनच मिनिटे थांबणार असली, तर त्याची काय अवस्था होईल याचा विचार करा. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री त्याला दहा मिनिटे जवळ बसवावे आणि तिकीट ओळीने समजावून द्यावे.

आधी स्थानक, मग तारीख

पहिला गोंधळ स्थानकाचा. मुंबईत लांबच्या गाड्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दादर, लोकमान्य टिळक टर्मिनस, मुंबई सेंट्रल आणि वांद्रे टर्मिनस अशा निरनिराळ्या ठिकाणांहून सुटतात. दिल्लीतही नवी दिल्ली, जुनी दिल्ली, हजरत निजामुद्दीन आणि आनंद विहार ही वेगवेगळी स्थानके आहेत. त्यात नावे बदलतात. मुंबईचे 'व्हीटी' १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ साली त्यात 'महाराज' हा शब्द आला, पण जुने टॅक्सीवाले आजही 'व्हीटी'च म्हणतात. पाहुण्याला तिकिटावरचे नाव आणि लोकांच्या तोंडचे नाव, दोन्ही सांगून ठेवावे.

तिकीट एका स्थानकाचे आणि गाडीत चढायचे पुढच्या स्थानकावर, असे आपण सहज करतो. मात्र त्यासाठी चढण्याचे स्थानक आधी बदलून घ्यावे लागते. नाहीतर तपासनिसाला जागा रिकामी दिसते आणि ती दुसऱ्याला दिली जाऊ शकते.

दुसरा गोंधळ तारखेचा. तिकिटावर १५ तारीख आणि ००.१० ही वेळ असेल, तर पाहुण्याने १४ तारखेच्या रात्री जेवूनच स्थानकावर जायला हवे. १५ च्या रात्री गेला तर त्याची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असेल. ही चूक आपल्यातले शिकलेसवरलेलेही करतात.

तिसरी गोष्ट गाडीच्या नंबरची. डिसेंबर २०१० पासून आपल्या गाड्यांचे नंबर पाच आकडी आहेत. नावावर विसंबू नये, कारण जाणारी आणि येणारी गाडी एकाच नावाची असते. मुंबईहून निघणारी पंजाब मेल १२१३७ आणि मुंबईकडे येणारी १२१३८. डब्याच्या अंगावरही एक पाच-सहा आकडी नंबर रंगवलेला असतो. तो त्या डब्याचा स्वतःचा नंबर, त्याचा तिकिटाशी काही संबंध नाही. पण नवखा माणूस तोच तिकिटाशी ताडून बघतो आणि ''ही माझी गाडीच नाही'' म्हणून उभा राहतो.

अक्षरांची बाराखडी

आता डबा. एस म्हणजे स्लीपर, बी म्हणजे एसी थ्री टायर, ए म्हणजे एसी टू टायर, एच म्हणजे फर्स्ट एसी. २०२१ पासून थ्री टायर इकॉनॉमीचे एम डबे आले आहेत. दिवसाच्या गाड्यांत सी म्हणजे एसी चेअर कार आणि डी म्हणजे साधी बैठक. अक्षरापुढचा आकडा म्हणजे त्या प्रकारातला कितवा डबा. बी २ म्हणजे एसी थ्री टायरचा दुसरा.

'एस.एल.' ही दोन अक्षरे तर नवख्याला हमखास फसवतात. तिकिटावर वर्गाच्या जागी ती असली तर अर्थ 'स्लीपर' आणि बर्थच्या जागी असली तर 'साइड लोअर'. पाहुण्याला ही एवढी एक गोष्ट सांगितली तरी त्याचा निम्मा घोळ मिटतो.

फलाटावर डब्यांचा क्रम दाखवणारे विजेचे फलक असतात. ते नसले किंवा बंद असले तर हमालाला विचारावे. कोणता डबा कुठे येणार हे त्याला तोंडपाठ असते. वाटेत काही ठिकाणी इंजिन दुसऱ्या टोकाला लागते आणि क्रम उलटा होतो. विशाखापट्टणमला भुवनेश्वर आणि विजयवाड्यादरम्यानच्या अनेक गाड्यांचे असे होते. म्हणून निघताना पुढे असलेला डबा परतीतही पुढेच असेल, असे धरून चालू नये.

गाडी सुटू लागली आणि डबा सापडला नसेल तर जवळच्या आरक्षित डब्यात चढून आतल्या वाटेने पुढे जावे. अनारक्षित डब्यात मात्र चढू नये. तिथून आतून पुढे जाता येईलच असे नाही.

आठाचा पाढा

डबा सापडला, आता बर्थ. स्लीपर आणि एसी थ्री टायरमध्ये आठ-आठ बर्थचा एक कप्पा असतो. नंबराला ८ ने भागावे. बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा बर्थ, २ किंवा ५ तर मधला, ३ किंवा ६ तर वरचा, ७ उरली तर साइड लोअर आणि काहीच उरले नाही तर साइड अपर. एसी टू टायरमध्ये मधला बर्थ नसतो, म्हणून तिथे ६ ने भागावे. १ किंवा ३ उरले तर खालचा, २ किंवा ४ तर वरचा, ५ उरले तर साइड लोअर आणि काही न उरल्यास साइड अपर.

समजा पाहुण्याचा नंबर ४३ आहे. थ्री टायरमध्ये ८ ने भागून ३ उरले, म्हणजे वरचा बर्थ. टू टायरमध्ये ६ ने भागून १ उरला, म्हणजे खालचा. नंबर तोच, पण डबा बदलला की जागा बदलली.

फर्स्ट एसीच्या तिकिटावर बहुधा नंबरच नसतो. गाडी सुटण्याच्या काही तास आधी तक्ता तयार होतो, तेव्हा केबिन किंवा कूपे ठरतो. पाहुण्याने घाबरून जाऊ नये. पूर्वी डब्याच्या दाराशी नावांचे कागद चिकटवलेले असत. २०१८ पासून मोठ्या स्थानकांवर ते बंद झाले. आता तिकिटावरचा दहा आकडी पीएनआर नंबर घालून फोनवर बघायचे किंवा १३९ ला विचारायचे.

तिकिटावर 'आर.ए.सी.' असेल तर प्रवास नक्की, पण साइड लोअरवर दोघांनी बसायचे. प्रतीक्षा यादीचे तिकीट मात्र शेवटपर्यंत पक्के झाले नाही तर आरक्षित डब्यात चढता येत नाही. ऑनलाइन काढलेले असे तिकीट आपोआप रद्द होते. परदेशी पर्यटकांसाठी काही गाड्यांत वेगळा कोटा आहे आणि त्यांना ३६५ दिवस आधी आरक्षण करता येते. आपल्याला १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच करता येते. बेत लवकर ठरला तर पाहुण्याने याचा फायदा घ्यावा. पासपोर्ट जवळ हवाच.

''हा माझा बर्थ आहे''

आता न लिहिलेला नियम. पाहुणा आपल्या बर्थपाशी पोहोचतो आणि पाहतो तो तिथे आजी, आजोबा, दोन नातवंडे आणि चिवड्याचा डबा! त्याला वाटते, आपली जागा बळकावली. खरे तर दिवसा खालच्या बर्थवर मधल्या आणि वरच्या बर्थवालेही बसतात. झोपण्याची वेळ रात्री १० ते सकाळी ६. त्या वेळात मात्र आपला बर्थ हक्काने मागावा. मधला बर्थही तेव्हाच उघडायचा.

''आमच्या आईंचे गुडघे दुखतात, तुम्ही वरचा घ्याल का?'' असेही कोणी विचारील. हो म्हणणे चांगलेच, पण ते त्याच्या खुशीवर आहे, हे त्याला माहीत हवे. एकट्या मुलीने तर निःसंकोच नाही म्हणावे. दुसऱ्या डब्यात जाऊन जागा बदलायची असेल तर टीसीला सांगितल्याशिवाय बदलू नये.

आणि स्थानकाबाहेर ''तुमची गाडी रद्द झाली, तिकीट खिडकी बंद आहे, माझ्याबरोबर चला'' म्हणणाऱ्याच्या मागे कधीही जाऊ नये. मोठ्या शहरांत परदेशी प्रवाशांना असेच आडबाजूच्या दुकानात नेऊन दुप्पट-तिप्पट पैशांना लुबाडतात. ज्याला आपली गाडी, डबा आणि बर्थ पक्का ठाऊक असतो, तो अशा बोलण्याला सहसा भुलत नाही.

तेव्हा दशम्यांबरोबर एक चिठ्ठीही द्यावी. तिच्यावर स्थानक, घरातून निघायची तारीख-वेळ, गाडीचा नंबर, डबा, बर्थ आणि घरचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहावा, इंग्रजीत आणि हिंदीतही. फोनची बॅटरी संपली तरी ही चिठ्ठी कोणालाही दाखवता येते.

पुढच्या प्रवासात तुमच्याच कप्प्यात एखादी गोरी मुलगी पाठीवर भलीमोठी पिशवी घेऊन नंबर शोधताना दिसली, तर टक लावून बघू नका. चिवड्याचा डबा जरा सरकवा, तिकीट बघा आणि बर्थ बोटाने दाखवा. दोन दिवसांच्या प्रवासात तिला शेजार लाभेल, आणि तिच्या घरच्यांची एक काळजी मिटेल.