साखर तोडून गाठ उपाशी मरत नाही

तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले की अनेक घरांत सर्वात आधी साखरेचा डबा उचलून ठेवला जातो. चहा बिनसाखरेचा होतो, मग फळे बंद होतात, मग भात. ‘गाठ साखरेवर जगते, साखर तोडा, ती उपाशी मरेल’ असा निरोप मोबाइलवर आलेला असतो आणि पाठवणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो. या निरोपाचा पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. दुसरा खोटा आहे आणि तो रुग्णाला फार महाग पडतो. तेव्हा दोन्ही नीट समजून घ्यायला हवेत.

आपल्या निरोगी पेशी ग्लुकोज प्राणवायूच्या मदतीने जाळतात. हे काम पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये होते आणि ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऊर्जेची सुमारे ३० नाणी मिळतात. कर्करोगाच्या पेशी मात्र बरेचसे ग्लुकोज अर्धवट फोडूनच सोडून देतात. त्यातून जेमतेम २ नाणी मिळतात आणि दुग्धाम्ल उरते. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी ही गोष्ट १९२० च्या दशकातच नोंदवली होती. हा व्यवहार वरवर तोट्याचा वाटतो. पण झपाट्याने वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच नवी पेशी बांधण्याचा कच्चा माल लागतो आणि तो याच अर्धवट फोडलेल्या साखरेतून मिळतो. म्हणून ती साखर जास्त ओढते.

हा सगळा कारभार प्रथिने चालवतात. इथे प्रथिने म्हणजे ताटातली डाळ-अंडी नव्हेत, तर पेशीच्या आतली कामकरी यंत्रे. ग्लूट-१ नावाचे प्रथिन पेशीच्या दारात उभे राहून ग्लुकोज आत घेते. हेक्झोकायनेज-२ आलेल्या ग्लुकोजला आत अडकवून ठेवते. एमसीटी-४ तयार झालेले आम्ल बाहेर फेकते. त्यामुळे गाठीभोवतीचा भाग आम्लधर्मी होतो आणि लढायला आलेल्या प्रतिकारपेशी तिथे दुबळ्या पडतात. या सगळ्यांना लगाम घालणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे पी-५३. तोंडाच्या कर्करोगात बहुतेक वेळा तेच बिघडलेले असते.

पण या यंत्रांची कळ दाबतो कोण? त्याचे एक उत्तर आपल्याच शहरात, पानठेल्यावर सापडते.

नागपूरच्या एका अंगाला जरीपटका, दुसऱ्या अंगाला मानेवाडा रस्त्याकडचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय. या दोहोंच्या मध्ये किती पानठेले लागतात, हे कोणत्याही नागपूरकराला विचारावे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तयार होणारा खर्रा ही विदर्भाची रोजची सवय आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांपैकी जवळपास एक जण बिनधुराचा तंबाखू वापरत असल्याचे दिसले. तंबाखू वाईट हे सर्वांना ठाऊक आहे. सुपारीला मात्र अजून निरुपद्रवी समजले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे.

सुपारीतले अ‍ॅरेकोलिन आणि तांबे गालाच्या आतल्या थरात कोलॅजनचे धागे वाढवतात आणि ते घट्ट विणतात. गाल आतून पांढरट, ताठ होतो. तिखट लागले की आग होते. तोंड हळूहळू कमी उघडू लागते. या धाग्यांच्या दाबाखाली बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि वरच्या थराला प्राणवायू कमी पडतो. पेशीत एचआयएफ-१ अल्फा नावाचे प्रथिन असते. प्राणवायू पुरेसा असला की पेशी ते लगेच मोडून टाकते. कमी पडला की ते टिकते आणि साखर ओढणाऱ्या, अर्धवट फोडणाऱ्या यंत्रांना चालू करते. प्राणवायू ओळखण्याची पेशीची ही पद्धत उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल मिळाले. गाल ताठ झालेल्या प्रत्येकाला कर्करोग होत नाही, पण काहींना होतो. ज्या ऊतीत पुढे गाठ उगवते, तिथे साखरेच्या भुकेची तयारी गाठीच्या आधीपासून सुरू असू शकते.

मग साखर बंद केल्याने ही भूक मारता का येत नाही? कारण रक्तातली साखर ताटावर अवलंबून नसते. आपण खाल्ले नाही तर यकृत साखर तयार करते आणि त्यासाठी स्नायू मोडून कच्चा माल घेते. दारात जादा ग्लूट-१ उभे केलेली गाठ आपला वाटा त्यातूनही उचलते. शिवाय ती ग्लुटामाइनसारख्या इतर गोष्टींवरही भागवते. उपाशी राहतो तो रुग्ण. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज टोचून गाठ शोधतात आणि त्याआधी काही तास उपाशी ठेवतात, हे पाहूनही गैरसमज वाढतो. ते उपाशी ठेवणे चित्र स्पष्ट यावे म्हणून असते. तो उपचार नाही.

तोंडाच्या कर्करोगात हा गैरसमज अधिक घातक आहे. ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, किरणोपचाराने ज्याचे तोंड सोललेले आहे, त्याचे खाणे आधीच तुटपुंजे असते. वजन घसरले की उपचार मध्येच थांबवावे लागतात, आणि किरणोपचारात पडलेला खंड गाठीच्या फायद्याचा ठरतो. अशा रुग्णाला मऊ वरण-भात, तूप, अंडी, पनीर, दूध, शिरा, जे गिळता येईल ते द्यावे. गरज पडली तर नाकातून नळी घालायला घाबरू नये. मधुमेह असेल तर पथ्य डॉक्टरांनी ठरवावे, मोबाइलने नव्हे. या प्रथिनांना रोखणाऱ्या औषधांवर जगभर काम चालू आहे, पण साखरेची वाट अडवणारे कोणतेही औषध तोंडाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारात आज नाही.

आज हाती आहे ते लवकर शोधणे आणि वेळेवर शस्त्रक्रिया. केरळमध्ये आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसत्या नजरेने तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०१५ मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातील ५०० रुग्णांचे निष्कर्ष मांडले. मूळ शस्त्रक्रियेबरोबरच मानेतल्या गाठी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांमध्ये हे प्रमाण ६७.५ टक्के होते. तरीही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार जण दगावले. यातले अनेक जण फार उशिरा डॉक्टरांपर्यंत पोहोचलेले असतात.

म्हणून दोन मागण्या. राष्ट्रीय कार्यक्रमात तोंडाची तपासणी तिशीपासून सुरू होते. ज्या भागात खर्रा शाळकरी वयात हाती येतो, तिथे तिशी फार उशिराची आहे. महापालिकेच्या दवाखान्यांनी आणि दंतवैद्यांनी खर्रा खाणाऱ्या प्रत्येकाचे, वय कितीही असो, तोंड किती उघडते ते मोजावे आणि नोंदवून ठेवावे. दुसरे म्हणजे, गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि सुगंधित तंबाखूवरही आहे, पण डोळ्यांसमोर घोटून मिळणारा खर्रा निवांत विकला जातो. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे हा गुन्हा आहे. तो कायदा निदान शाळेजवळच्या ठेल्यावर तरी दिसावा.

वाचकांनी एवढे आजच करावे: आरशासमोर तोंड उघडून आपलीच तीन बोटे उभी आत जातात का ते पाहावे. जात नसतील, पांढरा-लाल चट्टा असेल किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर मेडिकलच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय गाठावे. खर्रा त्याच दिवशी सोडावा. साखरेचा डबा मात्र फळीवर राहू द्यावा.