सत्तावीस वर्षांपूर्वीची नोंद

कुंभारीच्या विडी घरकुलातील एक बाई ओपीडीत आल्या होत्या. वय 53. पिशवी काढण्याचे ऑपरेशन ठरले होते आणि त्याआधी काढलेल्या छातीच्या फोटोत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला होता. सारा जन्म विड्या वळण्यात गेलेला. ‘साहेब, कॅन्सर नाही ना?’ एवढेच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

अशा वेळी डॉक्टरपुढचा पहिला प्रश्न असतो: हा डाग नवा की जुना? क्षयरोग बरा झाला तरी फुफ्फुसावर व्रण राहू शकतो. फुफ्फुसातली घट्ट गाठ दोन वर्षांत अजिबात बदलली नसेल, तर ती कॅन्सरची असण्याची शक्यता फार कमी असते. म्हणून जुना फोटो किंवा निदान जुनी नोंद सोन्याच्या मोलाची ठरते. बाईंना तरुणपणी टीबी झाला होता, सहा महिने गोळ्या खाल्ल्या होत्या. कागद मात्र शहरातली भाड्याची खोली सोडून घरकुलात राहायला आल्या तेव्हाच हरवले.

बोलता बोलता त्यांनी वर्ष आणि वॉर्ड सांगितला आणि मी चपापलो. 1998 साली मी त्याच वॉर्डात कनिष्ठ डॉक्टर होतो. छातीच्या रुग्णांची टिपणे रात्री घरी सेकंडहँड संगणकावर इंग्रजीत टाईप करून ठेवायची मला सवय होती. संगणक डॉसवर चालणारा, प्रोग्रॅम वर्डस्टार. पुढे फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून हार्ड डिस्कवर अशा त्या फाईली माझ्याबरोबर आल्या. पण कित्येक वर्षांत त्या उघडून पाहिल्या नव्हत्या.

त्या रात्री लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपवर फाईल उघडली तर बहुतेक शब्दांचे शेवटचे अक्षर भलतेच! फाईल खराब झाली असे वाटले, पण तसे नव्हते. इंग्रजी अक्षरांना सात बिट पुरतात. वर्डस्टारने उरलेला आठवा बिट आपल्या सोयीसाठी वापरला. शब्दाच्या शेवटच्या अक्षराच्या संकेतांकात 128 मिळवून तो शब्द कुठे संपतो याची खूण करत असे. ही खूण आजच्या प्रोग्रॅमला कळत नाही.

उपाय फुकट निघाला. डॉसबॉक्स नावाचा मुक्त प्रोग्रॅम लिनक्सवर बसवला. तो आजच्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल उभी करतो आणि आपण दाखवू तो फोल्डर सी ड्राइव्ह समजून चालतो. त्यात वर्डस्टार सुरू केले. कंट्रोल-क्यू, मग एफ, हा ‘शोधा’चा हुकूम बोटांना अजून पाठ होता. आडनाव टाकले आणि नोंद समोर आली: उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात क्षयरोग, उपचार पूर्ण, अखेरची थुंकी तपासणी निगेटिव्ह, फोटोत व्रण शिल्लक.

लेखी वर्णन म्हणजे फोटो नव्हे. त्यामुळे सीटी स्कॅन केला, थुंकीही तपासली. डाग जुन्या व्रणाचाच निघाला, जंतू सापडले नाहीत. सुई घालून तुकडा काढण्याची वेळ आली नाही आणि ऑपरेशन ठरल्याप्रमाणे पार पडले.

हे सांगतो आहे ते बढाई म्हणून नव्हे. त्या बाई वाचल्या त्या योगायोगाने. एका डॉक्टरची टिपणे त्याच्या घरी पडून होती म्हणून नोंद मिळाली, हे व्यवस्थेचे यश नाही. रुग्णांची माहिती अशी घरी ठेवणे गोपनीयतेच्या दृष्टीनेही आज योग्य मानता येणार नाही.

त्याच डिस्कवर क्षयरुग्णांसाठी मराठीत केलेले एक सूचनापत्र होते. ते मात्र डॉसबॉक्समध्येही वाचता येईना. कारण ते पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर टाईप करून घेतले होते. हे कार्ड संगणकात बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसे. प्रोग्रॅमची नक्कल करता आली, पण कार्ड कुठून आणणार? तरीही ते पत्र वाचले, कारण त्यातील अक्षरे इस्की या भारतीय मानकात होती. 1991 साली भारतीय मानक ब्यूरोने ते प्रसिद्ध केले होते. प्रत्येक अक्षराचा क्रमांक जगजाहीर असल्याने मजकूर युनिकोडमध्ये आणता आला. नंतरच्या काळात कंपनीगणिक वेगळ्या मांडणीच्या फाँटमध्ये टाईप केलेल्या मराठीचे हाल याहून वाईट आहेत. तो फाँट नसला की पडद्यावर नुसती अगम्य चिन्हे.

क्ष-किरण विभागाने हा धडा आधीच गिरवला आहे. सीटी आणि एमआरआयची चित्रे डायकॉम या खुल्या मानकात साठवली जातात. म्हणून एका कंपनीच्या यंत्रावरचा स्कॅन दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर उघडतो. लेखी नोंदींना हीच शिस्त का नको? रुग्णालयाने संगणक प्रणाली विकत घेताना एक अट करारात घालावी: प्रणाली बदलली तर सर्व जुन्या नोंदी खुल्या स्वरूपात परत मिळाल्या पाहिजेत.

नियमही अपुरे आहेत. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी डॉक्टरांनी तीन वर्षे जपायच्या आणि रुग्णाने मागितल्यास 72 तासांत द्यायच्या. पण विडीच्या किंवा सुताच्या धुळीत, अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम करणाऱ्यांच्या फुफ्फुसांचे हिशेब तीन वर्षांत मिटत नाहीत. अ‍ॅस्बेस्टॉसने होणारा कॅन्सर तर अनेकदा तीस-चाळीस वर्षांनी डोके वर काढतो. सोलापूरसारख्या कामगारांच्या शहराला हे नव्याने सांगायला नको. आता आभा क्रमांकाच्या आधारे आरोग्याच्या नोंदी जोडल्या जात आहेत. पाऊल चांगले आहे, पण त्या नोंदी 2050 मध्ये उघडतील का, हा प्रश्न आजच विचारायला हवा.

तोवर वाचकांनी तीन गोष्टी कराव्यात. घरी जाताना डिस्चार्ज कार्डची प्रत मागून घ्यावी. स्कॅनच्या सीडीवर विसंबू नये, अहवालाचा कागद आणि चित्रांची एक प्रत वेगळी ठेवावी. मोठा आजार, त्याचे वर्ष, औषधे आणि अ‍ॅलर्जी घरातल्या एका वहीत लिहावी.

बाईंना मी त्या जुन्या नोंदीची छापील प्रत दिली. त्यांनी ती घडी घालून रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत ठेवली. कुठल्याही संगणकाशिवाय उघडणारी, अशी निदान एक प्रत आता त्यांच्याकडे आहे.