वायफायची नावं दोन, पण नेटवर्क एकच?

जून २०२५ मध्ये ट्रायने एक आदेश काढला. पीएम-वाणी योजनेत वायफाय देणाऱ्या छोट्या दुकानदाराला २०० एमबीपीएसपर्यंतचं फायबर कनेक्शन घरगुती दराच्या दुपटीहून महाग विकता येणार नाही. योजना डिसेंबर २०२० ची. चहाच्या टपरीवालाही परवान्याशिवाय वायफाय देऊ शकतो. आता दराचा प्रश्न सुटेल, चांगलंच आहे. पण मला काळजी त्या टपरीतल्या वायरींची वाटते.

मंचरहून भीमाशंकरला जाताना लागणारं तळेघर घ्या. श्रावणात हा रस्ता गजबजलेला असतो. अशा ठिकाणच्या हॉटेलात फायबर एकच. त्याच्यावरच बिलिंगचा कॉम्प्युटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि पासवर्ड मागणारी गिऱ्हाइकं. एकटा राउटर असेल तर त्यातला 'गेस्ट' पर्याय बहुतेक वेळा पुरतो. पण अंगणासाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट जोडला, की 'ऑफिस' आणि 'पाहुणे' ही नुसती नावं उरतात. आत सगळे एकत्रच.

इथे व्हीलॅन लागतं. मॅनेज्ड स्विच डेटाच्या प्रत्येक पाकिटाला नंबराची चिठ्ठी लावतो: ऑफिसला १०, पाहुण्यांना २०. राउटर आणि ॲक्सेस पॉइंटकडे जाणाऱ्या पोर्टवर दोन्ही नंबर 'टॅग्ड' ठेवायचे आणि ॲक्सेस पॉइंटमध्ये प्रत्येक वायफाय नावाला त्याचा नंबर द्यायचा. बिलिंगच्या पोर्टवर फक्त १०, तोही 'अनटॅग्ड'. आणि हो, त्या पोर्टचा पीव्हीआयडीसुद्धा १० करा! बऱ्याच स्वस्त स्विचमध्ये तो आपोआप बदलत नाही, १ च राहतो. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली आहे.

एवढं करूनही काम अर्धंच झालेलं असतं. अनेक राउटर दोन्ही व्हीलॅन स्वतःच पुन्हा जोडून देतात. म्हणून २० वरून १० कडे जायला फायरवॉलमध्ये बंदी घालावी लागते. पाहुण्यांचे मोबाईल एकमेकांना दिसू नयेत यासाठी ॲक्सेस पॉइंटमधलं 'क्लायंट आयसोलेशन' वेगळं चालू करायचं.

तपासायला तुमचा मोबाईल पुरे, फक्त मालकाला आधी विचारा. मोबाईल डेटा बंद करून पाहुण्यांच्या वायफायला जोडा आणि ब्राउझरमध्ये डीव्हीआरचा आयपी पत्ता टाका, समजा १९२.१६८.१०.५. लॉगिनचं पान उघडलं, तर फायरवॉलचा तो नियम पुन्हा बघा.