अंगठीला वाचा फुटली
वर्गात ‘शाकुंतल’ शिकवताना मला दरवर्षी त्या कोळ्याची दया येते. माशाच्या पोटात राजाची अंगठी सापडली, तर शिपायांनी त्याला चोरच ठरवले! अंगठी बिचारी मुकी. खरे काय ते तिला सांगता येईना.

तिला वाचा दिली रोलाँ मोरेनो या फ्रेंच गृहस्थाने. १९७४ साली त्याने आठवण राखणाऱ्या चिपचे पेटंट घेतले. आणि गंमत अशी, की प्रथम ती बसवली होती अंगठीवरच! पुढे ती कार्डावर आली.

आपल्या बँकेच्या कार्डावरचा सोनेरी चौकोन याच घराण्यातला. तो यंत्राला टेकला, की यंत्र दर वेळी नवा आकडा टाकते. चिप पोटातल्या गुप्त किल्लीने हिशेब करून उत्तर देते. किल्ली मात्र कधी बाहेर काढीत नाही. त्यामुळे कालचे उत्तर चोरून आज उपयोग नाही. जुनी काळी पट्टी येईल त्याला सारे वाचून दाखवी!

परवा आईबरोबर दुकानात गेलो. चिपने ओळख पटवली. पण आईला आपला गुप्त अंक आठवेना. दोनदा चुकली. मी वैतागून भर दुकानात ओरडलो, “अगं, तुझ्या लग्नाचं साल!”

चिपने राखलेले गुपित मी फोडले. सारे हसले. आई ओशाळून म्हणाली, “ते साल कसं विसरेन रे? तोच अंक ठेवलाय, हे विसरले.”

बाबा जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.

अंक आता बदलला आहे. कोणता, ते विचारू नका!