‘टीसीपीरॅप्ड’ बंद करून दाखवा!

सर्व्हरच्या सुरक्षा ऑडिटचे अहवाल हाती पडले आणि वाचकांची पत्रे सुरू झाली. तक्रार एकच. शेरा असा : ‘पोर्ट ८४४३ वर टीसीपीरॅप्ड ही सेवा सुरू आहे. ती त्वरित बंद करून पूर्तता अहवाल सादर करावा.’ अशी कोणतीही सेवा सर्व्हरवर नाही, असे एका वाचकाने लेखी कळवले. त्यावर उत्तर आले, ‘सेवा काढून टाकल्याचा स्क्रीनशॉट जोडावा.’ नसलेल्या सेवेचा स्क्रीनशॉट कुठून आणायचा?

हँडशेक पूर्ण झाला, पण समोरच्याने एक बाइटही न देता कनेक्शन तोडले, एवढेच एनमॅप हा पोर्ट स्कॅनर ‘टीसीपीरॅप्ड’ या शब्दातून सांगतो. म्हणजे बहुधा तुमच्या फायरवॉलने किंवा ॲक्सेस लिस्टने स्कॅनरचा आयपी परस्पर वाटेला लावला. शाबासकी द्यायची तिथे नोटीस!

दुसरा प्रकार याहून बेफिकीर. नुसता सिन स्कॅन चालवला की सेवेचे नाव पोर्ट क्रमांकावरून, तयार यादीतून येते. पलीकडे काय चालले आहे हे कोणी विचारलेलेच नसते. ८०८० वर तुमचे टॉमकॅट असते, अहवालात ‘एचटीटीपी-प्रॉक्सी’ छापले जाते आणि ‘अनधिकृत प्रॉक्सी’ म्हणून लाल शेरा पडतो. खरी सेवा ओळखणारे व्हर्जन डिटेक्शन एनमॅपमध्ये २००३ पासून आहे. ते आधी बॅनरची वाट पाहते, मग प्रोब पाठवून आलेले उत्तर नमुन्यांशी ताडते, टीएलएस आढळले तर त्याच्या आत पुन्हा विचारते. याला वेळ लागतो. मधला फायरवॉल पॅकेट गिळत असेल तर आणखी लागतो. ऑडिटरकडे तेवढा वेळ नसेल तर त्याने तसे लिहावे. अंदाज निष्कर्ष म्हणून खपवू नये.

पण आपणही काही कमी नाही. पीडीएफ येते, आपण मुकाट्याने पूर्तता लिहायला बसतो. स्कॅनचे मूळ एक्सएमएल किती जणांनी मागितले? त्यात प्रत्येक सेवेपुढे ‘मेथड’ आणि ‘कॉन्फ’ असते. ‘टेबल’ व ३ म्हणजे यादीतले नाव. ‘प्रोब्ड’ व १० म्हणजे उत्तर तपासून ठरवलेले. फायरवॉलमागचे खरेच पाहायचे असेल, तर परवानगी दिलेल्या आयपीवरून वेगळा स्कॅन करा आणि दोन्ही निकाल वेगळे छापा.

पुढच्या वर्क ऑर्डरमध्येच अट घाला : एक्सएमएल आल्याशिवाय बिल मंजूर नाही. आणि कृपा करून, नसलेली सेवा बंद केल्याचे लिहून देऊ नका. उद्या खरीच घुसखोरी झाली, तर त्या कागदावरची सही तुमची असेल, ऑडिटरची नव्हे.