काटा आणि रांग

महामार्गावरचा वजन तपासणी नाका तीन भागांचा असतो. मध्ये भुईकाटा, त्याच्या अलीकडे ट्रक उभे राहायला जागा आणि पलीकडे जादा माल उतरवून ठेवायला आवार. या तिघांत काटा सर्वांत कमी जागा घेतो आणि शेजाऱ्याला सर्वांत कमी त्रास देतो. तरीही असा नाका आपल्या हद्दीत होणार अशी कुणकुण लागली की ग्रामसभेत ठराव होतात, रस्त्याकडेला मंडप पडतो, भूसंपादनाच्या नोटिशीवर हरकती जातात. या विरोधाबद्दल दोन ठरीव मते ऐकू येतात. नाका हवा असणाऱ्यांच्या मते विरोध करणारे ओव्हरलोडवाल्यांचे पाठीराखे असतात. विरोधकांतले जहाल म्हणतात की नाका मुळातच नको, तो हप्त्यासाठी असतो. दोन्ही मते सोयीची आहेत आणि दोन्ही तपासाला टिकत नाहीत.

आधी नाकाच नको म्हणणाऱ्यांचा पूर्वपक्ष. ट्रकमालक रोड टॅक्स भरतो, टोल भरतो, डिझेलवरचा करही भरतो. मग पासिंगपेक्षा दोन टन जास्त घातले तर बिघडले कुठे, असा हा युक्तिवाद आहे. यात एक गृहीत लपलेले आहे: ओझे जितके वाढेल तितकीच रस्त्याची झीज वाढेल. ते खरे नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर १९५८ ते १९६० या काळात भरलेले ट्रक सतत फिरवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला नियम असा, की एका आसावरचा भार वाढला की झीज साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते. रस्त्याच्या बांधणीप्रमाणे हा घात थोडा कमीजास्त होतो, पण हिशेबाचा रोख बदलत नाही. आसावर वीस टक्के जादा भार आला की झीज दुपटीच्या थोडी वर जाते आणि भार दुप्पट झाला की झीज सोळापट होते. वीस टक्के जादा माल नेणारा वीस टक्के जादा भाडे कमावतो. रस्त्याला मात्र दोन ट्रक जाऊन आल्याइतका मार बसतो.

भारतातील डांबरी रस्त्यांची आखणी ८.१६ टनांचा आस प्रमाण धरून होते. चार टायरांच्या एकेरी आसाला पूर्वी १०.२ टनांची परवानगी होती. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ती ११.५ टन केली. वाढ तेरा टक्क्यांहून कमी दिसते, पण चौथ्या घाताने तिचा अर्थ बासष्ट टक्के जादा झीज असा होतो. म्हणजे कायद्यात बसणारा भरलेला आसही आता प्रमाण आसाच्या जवळपास चौपट मार देतो. अर्ध्या टनाच्या आसाच्या मोटारीशी तुलना केली तर असा एक आस सुमारे २ लाख ८० हजार मोटारींच्या आसांइतका भारी पडतो. परवानगी वाढवताना आधी बांधलेल्या रस्त्यांचे थर काही जाड झाले नव्हते. मर्यादा सैल केल्यावर ती पाळली जाते की नाही हे पाहण्याची गरज वाढते, कमी होत नाही. रस्त्याइतकाच ब्रेकचाही प्रश्न आहे: घाटउतारावर जादा भरलेला ट्रक थांबवायला जास्त अंतर लागते, आणि त्या अंतरात पुढे कोण असेल ते ट्रकमालकाच्या हाती नसते.

कायद्याची भूमिकाही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ११३ वजनाची मर्यादा घालते. कलम ११४ नुसार संशय आल्यास अधिकारी ट्रकला पुढच्या वाटेवरील दहा किलोमीटरच्या आतल्या काट्यावर न्यायला सांगू शकतो. अशी तरतूद करणाऱ्यांनी काटा जवळपास असेल हे गृहीतच धरले होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये असा दंड आहे; वजन करू न देता निघून जाणाऱ्याला ४०,००० रुपये. दंड भरून जादा मालासह पुढे जाण्याची सवलत मात्र नाही. ती पळवाट सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच बंद केली: जादा माल उतरलाच पाहिजे. हा मुद्दा पुढे जागेच्या प्रश्नात कामी येतो.

पूर्वपक्षाचा दुसरा आधार अविश्वासाचा. पश्चिम महाराष्ट्रात ‘काटा’ म्हटले की ‘काटामारी’ आठवते. उसाच्या ट्रॉलीमागे साखर कारखान्याचा काटा वजन मारतो, या तक्रारीवर शेतकरी संघटनांनी कित्येक हंगाम आंदोलने केली आहेत. त्या भागातला शेतकरी सरकारी काट्याकडेही त्याच नजरेने पाहतो, आणि त्यात त्याची चूक नाही. पण याच आंदोलनांची मागणी नेमकी काय होती ते पाहण्यासारखे आहे. काटे बंद करा असे कोणी म्हटले नाही. काटे डिजिटल करा, तपासा, उसाचे वजन बाहेरच्या काट्यावर करू द्या, असे म्हटले. खोट्या काट्यावर उपाय खरा काटा हाच, हे शेतकऱ्याला पुरते कळले होते. महामार्गावरही तसेच आहे. काट्याचा आकडा नसला की अधिकाऱ्याचा अंदाज उरतो. टायर किती दबलेत, पाटे किती वाकलेत यावरून तो बोलतो, आणि घासाघीस होते ती अंदाजावरच. हप्त्याची तक्रार खरी मानली तरी तिच्यातून काट्याविरुद्ध काही सिद्ध होत नाही.

तिसरा आधार अलीकडचा आहे. जीएसटी आला, आता नाक्याचे काय काम? महाराष्ट्राने राज्याच्या सीमांवर २२ ठिकाणी एकात्मिक तपासणी नाके उभारायचे ठरवले आणि २००९ मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळाने ते काम बांधा, वापरा, हस्तांतरित करा या तत्त्वावर खाजगी कंपनीला दिले. पालघरमधील अच्छाड, धुळ्यातील हाडाखेड, नंदुरबारमधील नवापूर, कोल्हापुरातील कागल, सिंधुदुर्गातील इन्सुली ही त्यांतली काही ठिकाणे. परिवहन, विक्रीकर आणि उत्पादन शुल्क अशा तीन खात्यांचे काम एका छताखाली आणायचे, ही मूळ कल्पना. ट्रककडून त्यासाठी सेवाशुल्कही घेतले जाई. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि सीमेवरची विक्रीकर तपासणी संपली. नोव्हेंबर २०१९ मध्ये गुजरातने आपले १६ आरटीओ नाके उठवले, जुलै २०२४ मध्ये मध्य प्रदेश त्याच वाटेने गेला, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही नाके बंद करण्याच्या दिशेने पावले टाकली. यावरून ‘नाका निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे दोन वेगळ्या कामांची गल्लत. कर सीमेवर बदलत असे, म्हणून कराचा नाका सीमेवर असणे शहाणपणाचे होते. वजनाला सीमेशी काही देणेघेणे नाही. खडी खाणीत भरली जाते, वाळू नदीकाठी, कंटेनर बंदरात. दीडशे किलोमीटर रस्ता खणत आल्यावर सीमेवर ट्रकचे वजन करणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. सीमेवरचे नाके चुकले असतील तर त्यांची जागा चुकली, वजन करण्याचा हेतू नव्हे.

आता दुसऱ्या बाजूचे मत, की विरोध करणारे ओव्हरलोडवाल्यांचे हस्तक असतात. काही ठिकाणी वाहतूकदार स्वतःच आंदोलनात पुढे असतात हे खरे, आणि त्यांचे हितसंबंध उघड आहेत. पण ज्या शेतकऱ्याच्या घरात ट्रकचे चाकही नाही तो मंडपात का बसतो, याचे उत्तर या आरोपात नाही. ते उत्तर रांगेत आहे.

रांगेचे गणित फसवे असते. एका काट्यावर एका ट्रकला सरासरी एक मिनिट लागते असे धरू. म्हणजे काट्याची ताकद तासाला साठ ट्रकांची. ट्रक मागेपुढे कसेही येतात असे मानले, तर तासाला अठ्ठेचाळीस आले की नाक्यावर सरासरी चार ट्रक असतात. चोपन्न आले तर नऊ. सत्तावन्न आले तर एकोणीस. अठ्ठेचाळीसवरून सत्तावन्नवर जाताना वाहतूक एक पंचमांशाहूनही कमी वाढली, रांग मात्र जवळपास पाचपट झाली. ट्रेलर आणि त्याच्या पुढची मोकळी जागा मिळून वीस मीटर धरले तर एकोणीस ट्रकांची रांग तीनशे ऐंशी मीटर लांब. आणि ही झाली सरासरी. पहाटे भाजीचे ट्रक एकदम आले किंवा संगणक अडकला की ती किलोमीटरवर जाते. आराखड्यात मात्र बहुधा वर्षभराच्या सरासरी वाहतुकीवर काट्यांची संख्या ठरते. ज्यांनी २०१७ पूर्वी मुलुंड किंवा दहिसरचा जकात नाका पाहिला आहे त्यांना हे सूत्र समजावून सांगावे लागत नाही.

ही रांग ज्या गावाच्या वेशीवर उभी राहते त्या गावाला धूर, एअर ब्रेकचे फुसकारे, रात्रभर चालू राहिलेली इंजिने आणि शौचालयावाचून अडलेले शेकडो चालक-क्लीनर हे सगळे एकदम मिळते. निवासी भागासाठी रात्रीच्या आवाजाची मर्यादा २००० सालच्या नियमांनुसार ४५ डेसिबल आहे. रिकामे फिरणारे एक डिझेल इंजिनही ती शेजारच्या घरात मोडू शकते. रांगेला टाळणारा ट्रक आडवाट धरतो, ही दुसरी गोष्ट. कागल-निपाणी पट्ट्यात दोन राज्यांची सीमा शेतांतून आणि गावांतून जाते. अशा जागी महामार्गावर एकच काटा ठेवला की ओव्हरलोड ट्रकला शेजारच्या गावातून काढून देणारी वाट असतेच, आणि तो गावरस्ता महामार्गाच्या मानाने फारच हलक्या वाहतुकीसाठी बांधलेला असतो. नाका वाचवायला गेला महामार्ग, आणि फुटला शाळेपुढचा रस्ता. हे गावकरी आधीच सांगत असतात, कारण वाटा त्यांना ठाऊक असतात.

त्यांचे म्हणणे ऐकण्याची सोय कायद्यात आहे, पण अरुंद. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या कलम ३सी नुसार अधिसूचना निघाल्यापासून एकवीस दिवसांत हरकत घेता येते. इतक्या दिवसांत सातबारा काढून वकील गाठणेच कसेबसे जमते. रांग किती होईल याचा हिशेब मागून तो वाचणे दूरच. अच्छाड ज्या तलासरी तालुक्यात आहे तो अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि तिथे पेसा कायदा, १९९६ नुसार भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे. अनुसूचित क्षेत्राबाहेर तेवढेही संरक्षण नाही. हरकत जमिनीच्या भावापुरती उरते आणि मग विरोधकांना पैशासाठी भांडणारे म्हणणे सोपे जाते.

तेव्हा उत्तरपक्षाची मांडणी रांगेपासूनच करावी लागते. बहुतेक वजन रस्त्यावर करण्याची गरजच नाही. खाण, वाळूघाट, सिमेंटचा कारखाना, बंदर इथे ट्रक तसाही थांबलेला असतो आणि बहुतेक ठिकाणी बिलासाठी काट्यावरून जातोच. तो आकडा बिल्टीबरोबर परिवहन खात्याकडे गेला तर ओव्हरलोड फाटकातच अडेल. कलम १९४ मधला दंड वाहन चालवणाऱ्याला आहे तसाच ते चालवायला लावणाऱ्यालाही आहे; माल भरून देणाऱ्याकडे मात्र फार क्वचित कोणी वळते, आणि सगळा रोख चालकावर राहतो.

रस्त्यावर जे वजन करायचे ते चालत्या वाहनाचे करता येते. रस्त्यात बसवलेल्या संवेदकांवरून पूर्ण वेगात जाणाऱ्या ट्रकचे एकूण वजन साधारण दहा टक्क्यांच्या फरकाने मिळते. इतक्या फरकाच्या जोरावर दंड करणे अन्यायाचे होईल, पण संशयित निवडून काढायला तो पुरेसा आहे. निवडलेला ट्रक तेवढा स्थिर काट्यावर जावा, बाकीचे वेग न मोडता पुढे जावेत. वरच्या उदाहरणातील सत्तावन्नांपैकी दहाच काट्यावर गेले तर रांग उरतच नाही. राष्ट्रीय महामार्गांवर हे करायला टोल नाके आधीच आहेत. २००८ च्या नियमांनी ते सर्वसाधारणपणे पालिका हद्दीपासून दहा किलोमीटरबाहेर ठेवले आहेत, फास्टॅगमुळे तिथे वाहनाची ओळख पटते, आणि ओव्हरलोड वाहनाला पुढे सोडू नये असे तेच नियम सांगतात. गावाच्या वेशीवर नवी जमीन घेण्याआधी टोल नाक्यावर हे का होत नाही, याचे उत्तर सरकारने द्यायला हवे.

आणि तरीही स्वतंत्र नाका लागलाच, तर विरोधकांना न रुचणारी एक गोष्ट मान्य करावी लागते: त्याला जागा जास्त लागते, कमी नव्हे. आंदोलनाच्या दबावाखाली वीस एकरांचे आठ एकर केले की जे कापले जाते ते उतरवणीचे आवार आणि रांगेची मार्गिका असते. काटा तेवढाच राहतो. मग जादा माल उतरवायला जागा नाही म्हणून दंड घेऊन ट्रक सोडला जातो, न्यायालयाचा आदेश कागदावर राहतो, आणि रांग महामार्गावर येते. नाका वस्तीपासून दूर असावा, शेजारची आडवाट सहज धरता येणार नाही अशा ठिकाणी, नदीच्या पुलाआधी किंवा घाटाच्या पायथ्याशी असावा. तसे ठिकाण नसेल तर त्या आडवाटांवर परिवहन खात्याचे वायुवेग पथक फिरते ठेवावे, आणि त्या पथकाची वेळापत्रके ट्रकचालकांना आधी कळू नयेत. काट्याची पडताळणी वैधमापनशास्त्र विभागाने गावातील कोणाच्या तरी समक्ष करावी आणि प्रमाणपत्र काट्यावरच लावावे. कारखान्याच्या काट्याबद्दल जे मागितले गेले ते इथेही मागता येते.

सीमेवरच्या नाक्यांसाठी घेतलेल्या आणि बांधलेल्या जागांचाही विचार याच हिशेबात होतो. करासाठी त्यांचा उपयोग संपला, पण त्यांच्याकडे पक्के आवार, दिवे आणि महामार्गाला जोडणाऱ्या मार्गिका आहेत. निवडलेल्या ट्रकचे फेरवजन, जादा मालाची उतरवण आणि चालकांची विश्रांती यांसाठी त्यांतल्या ज्या जागा वस्तीपासून दूर आहेत त्या वापरता येतील. ज्या वस्तीला लागून आहेत त्या सोडून द्याव्यात आणि तिथे पुन्हा रांग लावू नये.